मंद चालीचे गणित

मोटारगाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ती ताशी किती पळते? ती किती हळू चालू शकते, असे सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर ऐकणारे हसतील. परंतु ग्वाल्हेरच्या रहिवाशांना हा दुसरा प्रश्न अगदीच चमत्कारिक वाटावयाचे कारण नाही. आपल्या उत्तरेस मुरैना व ईशान्येस भिंड हे जिल्हे आहेत. चंबळ आणि तिच्या उपनद्या यांच्या काठची गाळाची जमीन शतकानुशतकांच्या पावसाने चिरत जाऊन तेथे घळींचे एक अफाट जाळे झालेले आहे. त्यालाच इकडे ‘बीहड’ म्हणतात. बीहडातील वाट ही वाट नसतेच. ती एकदम घळीच्या तळाशी उतरते, वळते आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर चढू लागते. अशा ठिकाणी ताशी शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा उपयोग काय? तेथे गाडी रांगावयास यावी लागते, आणि रांगणारी गाडी बनविणे हे पळणारी गाडी बनविण्याइतकेच कौशल्याचे काम आहे.

इतके लांब जावयाचे नसेल तर आपला किल्ला आहेच. उरवाई दरवाजाकडून वर जाणारा गाडीरस्ता पुष्कळांनी पाहिलेला असेल. खडकात कोरलेल्या भव्य जैन मूर्तींकडे सर्वांचे लक्ष जाते. पण पुढच्या खेपेस थोडे लक्ष चालकाच्या हाताकडेही द्यावे. चढ लागताच तो गिअर खाली उतरवितो. एंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र कमी होतो. एंजिन अधिक फिरते आहे आणि चाके कमी फिरत आहेत. मग ते जास्तीचे फिरणे गेले कोठे? सगळे मर्म या प्रश्नात आहे.

बारा दात्यांचे एक लहान चाक छत्तीस दात्यांच्या मोठ्या चाकात अडकविले, तर लहान चाकाचे तीन फेरे होतील तेव्हा मोठ्याचा एक होईल. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला. पण मोठ्या चाकाच्या आसाला मिळणारा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, तिप्पट झाला. घर्षणात थोडा जातो तो सोडून देऊ. दातेरी चाके शक्ती निर्माण करीत नाहीत. ती फक्त वेग मोडून जोर घेतात, रुपया मोडून सुटे पैसे घ्यावेत तसे. पूर्वी घाटाच्या पायथ्याशी बैलगाडीला जास्तीची जोडी जुंपीत असत. शिंद्यांच्या तोफखान्यातील अवजड तोफा तर बैलांच्या कित्येक जोड्या लावून ओढल्या जात. मोटारगाडीला वाटेत दुसरे एंजिन जुंपता येत नाही. म्हणून तिने आपली ‘जास्तीची जोडी’ दातेरी चाकांच्या रूपाने पोटातच बाळगलेली असते.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ही मोड तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे नेहमीचा गिअरबॉक्स. दुसरे त्याच्या मागे बसविलेला ट्रान्स्फर केस. हा एंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांकडे वाटून देतो आणि त्यात ‘हाय’ व ‘लो’ अशा दोन पायऱ्या असतात. तिसरे ठिकाण दोन्ही आसांच्या मधोमध असलेले क्राउन-पिनियन. या तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार केला म्हणजे एंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो, ते निघते. गाडीच्या रांगण्याचे माप हेच.

येथे शब्दांचा एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. गिअर ‘खाली’ आणला असे आपण म्हणतो तेव्हा गुणाकाराची संख्या वाढत असते. चाळीसच्या गाडीपेक्षा ऐंशीची गाडी अधिक ‘खालच्या’ गिअरची, म्हणजे अधिक मंद.

आता एक खरे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली लष्करी विलिज जीप सर्वांनी निदान चित्रपटात तरी पाहिलेली असते. तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५, ट्रान्स्फर केसच्या ‘लो’चे १.९७ आणि आसाचे ४.८८. गुणाकार येतो सुमारे २५.६. युद्ध संपले आणि १९४५ मध्ये त्याच कारखान्याने नागरी जीप बाजारात आणली. ती शेतकऱ्याने घ्यावी, तिने नांगर ओढावा, मळणीयंत्र चालवावे, अशी त्यामागची अपेक्षा होती. नांगर धावत ओढता येत नाही. म्हणून कारखान्याने तिन्ही ठिकाणी बदल केला. पहिला गिअर २.७९८, ट्रान्स्फर केस २.४३ आणि आस ५.३८. गुणाकार झाला सुमारे ३६.६. एंजिन जवळजवळ तेच, शरीरयष्टी तीच, पण चाल दीडपट मंद. गाडीचे गिअर खाली आणणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. आणि ते कोण्या हौशी माणसाचे नसून खुद्द कारखान्याचे आहे. याच नागरी वंशातील जीपगाड्या पुढे महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईस जोडण्यास व मग बनविण्यास आरंभ केला, आणि त्या देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या.

दात्यांचा हिशेब ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी : ४.८८ म्हणजे क्राउनचे ३९ दाते आणि पिनियनचे ८, ५.३८ म्हणजे ४३ आणि ८. फरक चारच दात्यांचा.

या संख्यांचा जमिनीवर काय अर्थ होतो, ते पाहू. त्या जीपच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. एंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर लष्करी जीपचे चाक मिनिटाला ३९ फेरे घेईल आणि गाडी ताशी सुमारे ५.२ किलोमीटर चालेल. नागरी जीप त्याच एंजिन-वेगात ताशी ३.६ किलोमीटर चालेल. सपाटीवर माणूस साधारण ताशी पाच किलोमीटर चालतो. म्हणजे पहिली गाडी माणसाच्या पावलाने जाते, तर दुसरी त्याच्याही मागे राहते. बीहडाचा प्रदेश पायी चालणाऱ्याचाच आहे, हे १९६० च्या मे महिन्यात विनोबा भाव्यांनी दाखवून दिले. ते तेथे पदयात्रेने गेले आणि कित्येक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. तेथे गाडीने जावयाचे तर तिलाही माणसाचे पाऊल उचलता आले पाहिजे.

मंद गिअर हा जोरासाठीच असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. त्या जीपच्या एंजिनाचा अधिकात अधिक पीळ सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर. त्याला ३६.६ ने गुणिले आणि चाकाच्या ३५ सेंटिमीटर त्रिज्येने भागिले, तर जमिनीवर सुमारे १५०० किलोग्रॅम-भाराचा रेटा येतो. घर्षणाची वजावट केली तरी तो हजाराच्या खाली जात नाही. उलट गाडीचे स्वतःचे वजन हजार किलोग्रॅमच्या आसपास, आणि कोरड्या मातीवर टायरची पकड वजनाहून कमीच असते. म्हणजे एंजिनाने पूर्ण जोर लावण्यापूर्वीच चाके जागच्या जागी फिरू लागतील! जोर तर आधीच पुरेसा आहे. मग संख्या आणखी वाढवून साधते काय? साधतो तो ताबा. एंजिन हळू फिरत असताना त्याच्यात पीळ थोडा असतो. तो थोडा पीळही मोठ्या संख्येने गुणिला गेला म्हणजे गाडीला पुरतो. त्यामुळे चालकाला वेग घेऊन दगडावर आदळावे लागत नाही, क्लच अर्धवट दाबून गाडी लोंबकळत ठेवावी लागत नाही. क्लच असा घासत ठेवला की त्याची प्लेट तापते, जळका वास सुटतो आणि दिवस दुरुस्तीत जातो. खालच्या गिअरात क्लच पूर्ण सोडलेला, पाय ॲक्सिलरेटरवर अलगद ठेवलेला, आणि चाक एकेका दगडावर शांतपणे चढते व उतरते.

चढापेक्षाही अधिक महत्त्वाचा आहे तो उतार. मोहरीच्या पोत्यांनी भरलेला एक पिकअप घळीत उतरत आहे अशी कल्पना करा. आपल्या भागात मोहरी भरपूर पिकते, तेव्हा कल्पना फारशी ताणावी लागणार नाही. मागील भार पुढे रेटतो आहे. चालक केवळ ब्रेकवर विसंबला तर दोन संकटे असतात. उतार लांब असेल तर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. उतार सैल मातीचा असेल तर चाक जाम होते, आणि जाम झालेले चाक वळविले तरी वळत नाही. ते घसरगाडीच्या फळीसारखे सरळ खाली जाते. वाटेत ओढा ओलांडला असेल तर ड्रमच्या ब्रेकमध्ये पाणी शिरून ते काही काळ लागतच नाहीत, हे तिसरे संकट. अशा वेळी एंजिनच ब्रेकचे काम करते. पेट्रोल तोडलेले एंजिन फिरविण्यास जो विरोध होतो, तोही त्याच गुणाकाराने वाढून चाकांपर्यंत येतो. चढताना जो आकडा मदत करतो, तोच उतरताना गाडीला मागे धरून ठेवतो, आणि तेही चारही चाकांना सारखे. म्हणून असा उतार लागण्यापूर्वीच, गाडी थांबवून, ट्रान्स्फर केस ‘लो’मध्ये घालावयाचा असतो. एकदा उतरू लागल्यावर क्लच दाबणे म्हणजे हातातील लगाम सोडणेच होय. आजकालच्या काही गाड्यांत उतारावर वेग आवरणारी विजेची योजना असते. ती सोयीची खरी, पण तिचेही काम शेवटी ब्रेककडूनच करून घेतलेले असते.

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याने गेले की टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाची प्रबोधिनी आहे आणि दलाच्या मोटारवाहनांचे शिक्षण देणारी केंद्रीय शाळाही तेथेच आहे. वाळवंट, दलदल आणि डोंगर अशा तिन्ही प्रकारच्या सीमांवर गाड्या न्यावयाच्या असतात, तेव्हा हे शास्त्र तेथे हौस म्हणून शिकविले जात नाही हे उघड आहे. आपल्याच प्रांतातील जबलपूरच्या वाहन कारखान्यातून निघालेली ‘जोंगा’ ही गाडीही १९९९ पर्यंत सैन्यासाठी बनत होती. तिच्या नावातच जबलपूर आहे.

आता मुख्य प्रश्न. एखाद्याजवळ चार चाकांचा पिकअप आहे, त्याची चाल त्याला आणखी मंद करावयाची आहे. तर तीन ठिकाणांपैकी कोणत्या ठिकाणी हात घालावा? उदाहरणासाठी टोयोटाचा १९८० च्या दशकातील पिकअप घेतो, कारण जगभरच्या हौशी मंडळींनी याच गाडीवर सर्वांत अधिक प्रयोग केलेले आहेत. तिच्या एका प्रचलित गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.९५, ट्रान्स्फर केस २.२८, आस ४.१०. गुणाकार सुमारे ३६.९. गंमत पाहा, चाळीस वर्षांपूर्वीच्या शेतकी जीपचाच हा आकडा!

आसांचे क्राउन-पिनियन बदलून ४.१० चे ५.२९ केले तर गुणाकार सुमारे ४७.६ वर जातो. परंतु आस हा प्रत्येक गिअरच्या मार्गात आहे. म्हणजे आग्र्याच्या सडकेवर सर्वांत वरच्या गिअरात जातानाही एंजिनाला पूर्वीपेक्षा २९ टक्के अधिक फेरे घ्यावे लागणार. पेट्रोल अधिक, आवाज अधिक, झीज अधिक. शिवाय पुढचा आणि मागचा असे दोन्ही आस एकाच आकड्याचे केले पाहिजेत. नाही तर एक आस दुसऱ्याशी झगडत राहील आणि मधले शाफ्ट पिळवटून निघतील. वेगदर्शक काटाही चुकीचा आकडा दाखवू लागेल, तो वेगळाच.

गिअरबॉक्समधील केवळ पहिला गिअर बदलणे शक्य असते, पण त्यासाठी पेटीच बदलावी लागते आणि पहिल्या व दुसऱ्या गिअरांत अशी दरी पडते की सडकेवर गाडी अवघडून चालते. या मार्गाबद्दल अधिक लिहावे असे नाही.

राहिला ट्रान्स्फर केस, आणि माझ्या मते खरी जागा तीच. त्याच्या ‘लो’ची दातेरी चाके तेवढी बदलून २.२८ चे ४.७० केले की गुणाकार एकदम ७६ च्या घरात जातो. ‘हाय’ मुळीच बदलत नाही. सडकेवर गाडी पूर्वीसारखीच पळते, काटा बरोबर राहतो, पेट्रोल तेवढेच लागते. लीव्हर ओढला की ती दुसरीच गाडी होते. काहींनी याहून निराळी युक्ती केली. त्यांनी एकामागे एक असे दोन ट्रान्स्फर केस बसविले. दोन्ही ‘लो’मध्ये घातले की २.२८ ला पुन्हा २.२८ ने गुणावयाचे. एकूण सुमारे ८४. यात एक ‘लो’, एक ‘हाय’ ठेवून मधली पायरीही मिळते. मात्र गाडीची लांबी-रुंदी काही वाढत नसते, म्हणून शाफ्ट आखूड करावे लागतात आणि आधाराचे ब्रॅकेट नव्याने बनवावे लागतात. २०१९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या जीप ग्लॅडिएटर या पिकअपच्या रुबिकॉन प्रकारात हाताने गिअर बदलणाऱ्या गाडीचे कारखान्यानेच दिलेले गुणोत्तर ८४.२ होते. हौशी लोकांनी आपल्या अंगणात जे केले, तेथेच कारखानाही येऊन पोहोचला.

आपल्याकडच्या मारुती जिप्सीचा उल्लेख येथे केला पाहिजे. तिचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून चौकटीच्या मध्यभागी स्वतंत्र बसविलेला असतो. त्यामुळे तेवढाच काढून, आतील चाके बदलून पुन्हा बसविणे सोपे जाते. डोंगरवाटांचे शौकीन या जुन्या गाडीला आजही सोडीत नाहीत, त्याचे हे एक कारण आहे.

ज्यांनी गाडीला मोठे टायर लावलेले असतात, त्यांना तर हा विषय टाळताच येत नाही. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचे टायर आले की एका फेऱ्यात गाडी सुमारे १८ टक्के अधिक अंतर जाते. म्हणजे सगळेच गिअर तेवढे ‘वर’ सरकले. मोठ्या टायरची शोभा पाहून भुललेला मालक मग चढावर एंजिन दम का तोडते म्हणून मिस्त्रीला दोष देतो. टायर, रचना वा गाडीचे रूप बदलण्यापूर्वी १९८८ च्या मोटारवाहन कायद्यातील ५२ वे कलमही पाहिलेले बरे. नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मनास येईल तसा करता येत नाही.

आकडा वाढवीत नेण्याला शेवट कोठे? शेवट पोलादाच्या बळापाशी. पीळ ट्रान्स्फर केसमध्ये वाढला म्हणजे त्याच्या पुढचे सगळे भाग – शाफ्ट, त्यांचे क्रॉस, पिनियनचे दाते, आसाचे दांडे – तो वाढलेला पीळ सोसतात. ते मूळ आकड्यासाठी बनविलेले असतात. खडकात अडकलेले चाक आणि अधीर चालकाचा पाय एकत्र आले की काही तरी तुटते. जुन्या जीपच्या रचनाकारांना याची जाणीव होती. तिच्यात मुख्य गिअरच्या लीव्हरशेजारी दोन लहान लीव्हर असत : एक पुढच्या चाकांना जोर देण्याचा, दुसरा ‘हाय-लो’चा. पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ पडतच नसे. वाढलेला सगळा पीळ एकट्या मागच्या आसावर येऊ नये, म्हणून ही कुलूपवजा योजना होती.

आणि मंद गिअर सर्वत्र चालतो असेही नाही. चंबळेच्या पात्राकाठच्या कोरड्या वाळूत फार खालच्या गिअरात चाक जोराने फिरते, वाळू उकरते आणि स्वतःचाच खड्डा खणते. तेथे एक-दोन पायऱ्या वर राहून, टायरची हवा थोडी कमी करून, न थांबता जावे हे उत्तम. भिजलेल्या मातीच्या चिखलातही थोडी धाव लागतेच.

एंजिनाच्या पुढच्या टोकाला हँडल घालण्याची सोय असलेली जुनी जीप कोणाच्या घरी वा ओळखीच्या गॅरेजात असेल, तर हा गुणाकार डोळ्यांनी पाहता येतो. वडील माणसाच्या देखत, सपाट जागी, प्रज्वलन बंद करून आणि एंजिनाचे प्लग काढून ठेवून, गाडी ‘लो’च्या पहिल्या गिअरात घालावी. जमिनीवर चाकापाशी खडूने रेघ मारावी, आणि एकाने हँडल सावकाश फिरवावे. प्लग काढलेले असल्यामुळे एंजिन अडवीत नाही, आणि शाळकरी मुलाच्या हातानेही हजार किलोग्रॅमची गाडी पुढे सरकू लागते. हँडलच्या एका फेऱ्याला नागरी जीप सुमारे सहा सेंटिमीटर सरकेल, लष्करी असेल तर साडेआठच्या थोडी वर. मोजपट्टी धरून दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे, दहाने भागावे, आणि त्या भागाकाराने चाकाच्या परिघाला भागावे. येणारा आकडा या लेखातील आकड्यांशी पडताळून पाहिला, की गाडीच्या पोटात कोणती दातेरी चाके आहेत ते पेटी न उघडताच कळेल.